पार्वताआजीची तहान

"जरा डोळे मिटते. समितीचं बोलावणं आलं की हलव मला," असं हर्षदीपला सांगून मी कॉलेजच्या व्हरांड्यात आडवी होते. एप्रिलची दुपार आहे. आमच्या विदर्भातला एप्रिल म्हणजे सावलीतली फरशीसुद्धा पाठीला चटके देते, आणि धरण्याची सतरंजी आता नावापुरतीच उरली आहे. झोप येईल असं वाटत नाही. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत ती पाटीच दिसते.

'संस्थापकांनी मुक्या पशुपक्ष्यांसाठी बांधलेली पन्हळ.' काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं. कॉलेजला शंभर वर्षं होताहेत म्हणून आवारातली जुनी पाणपोई घासूनपुसून काढली, तेव्हाच ही पाटी लागली. पाणपोई म्हणजे एक दगडी खोली. समोर खिडकी, तिथून पाणक्या गडव्यानं पाणी द्यायचा. आणि मागच्या भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर बाहेर आलेली एक दगडी पन्हळ. आतून पाणी सोडायचं, बाहेरच्यानं वाकून ओंजळ धरायची. आतल्याचा हात लागायला नको, बाहेरच्याचं भांडं लागायला नको. ती कुणासाठी होती हे गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना सगळ्यांना माहीत आहे, आणि विचारायला गेलं की त्यांना नेमकं ऐकू येत नाही.

पाटी बदला आणि खरं काय ते लिहा, एवढीच आमची मागणी. त्यासाठी समिती बसली. अध्यक्ष खरवडकर मॅडम, इतिहासाच्या. फार गोड बोलतात. "बाळ, भावना कळतात मला. पण तिथं पाणी प्यायलेलं एक तरी माणूस सांगशील?" मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "माझी आत्याआजी. पार्वता तायडे. याच कॉलेजात बी.एस्सी. झाली. ती मागच्या पन्हळीचं पाणी प्यायची." व्हरांडाभर टाळ्या पडल्या. हर्षदीपनं प्लायवूड कापून माणसाएवढी आकृती केली. दोन वेण्या, पांढरी साडी, कमरेतून वाकलेली, हाताची ओंजळ पुढे. ती त्यानं पन्हळीसमोर उभी केली. तिचा फोटो पेपरात आला.

आज समितीपुढे मला हेच पुन्हा सांगायचं आहे. त्यांना पटलं तर पाटी बदलेल. नाही पटलं तर पाटी राहील, आणि खोटे आरोप करून उत्सवात विघ्न आणलं म्हणून आम्हा धरण्याला बसलेल्यांना परीक्षेला बसू देणार नाहीत. आणि पार्वताआजीनं मला हे कधी सांगितलंच नव्हतं. बाबा म्हणाले, "त्या काळात तिथं शिकली, म्हणजे तिथंच प्यायली असणार. दुसरं पाणी होतं कुठं?" मलाही ते पटलं होतं. कुणालाही पटलं असतं. तिला विचारायची सोय आता नाही, ती जाऊन दोन पोळे झाले.

आत ऑफिसात कूलर घरघरतो आहे. घरघर जवळ येते, मग निळी होते. कूलरची घरघर निळी कशी झाली, असा विचार करत मी बघते तर ती बर्नरची ज्योत आहे. मी केमिस्ट्रीच्या लॅबच्या दारात उभी आहे आणि पायात चप्पल नाही.

लॅब आमचीच आहे, पण लांबलचक. टेबलांच्या रांगा संपतच नाहीत. प्रत्येक टेबलावर नळ, आणि सगळे नळ सोडलेले. पांढऱ्या साडीतली एक मुलगी पाठमोरी उभी राहून परीक्षानळ्या धुते आहे. माझ्याहून लहानच असेल. दोन वेण्या.

"आली का वं?" ती मागे न बघता विचारते. आवाज मात्र म्हातारीचा आहे. आमच्या ओसरीवरून यायचा तोच, जरा घोगरा.

"पार्वताआजी?"

"मंग आणखीन कोण रायते इथं?"

"पण तू तर गेलीस ना?"

"गेली म्हणून काम सोडू का? एवढ्या नळ्या धुवाच्या रायल्या."

मला हसू येतं आणि रडूही येतं. तिला मिठी मारावीशी वाटते, पण आमच्यामध्ये टेबल आहे. मी वळसा घालून जाते तर टेबलही वळसा घालतं. घशाला कोरड पडली आहे. जीभ टाळूला चिकटली आहे. मी जवळच्या नळाखाली ओंजळ धरते, तशी तिची चापटी सणसणीत हातावर बसते. टेबलापलीकडून कशी बसली कोण जाणे.

"ते पियाचं पाणी नोहोय. नळ्या धुवाचं हाय."

"आजी, मला फार तहान लागली आहे."

"माहीत हाय मले. दिवसभर कोपरापर्यंत हात पाण्यात असाचे माह्ये. अन् घशात थेंब नाही."

मला तिचं बोलणं नीट ऐकून घ्यायला हवं, पण वेळ नाही. भिंतीवरच्या घड्याळाला काटे नाहीत आणि तरी ते पुढे पळतं आहे. मी घाईघाईनं विचारते, "आजी, तू मागच्या पन्हळीचं पाणी प्यायचीस ना? फक्त हो म्हण. समिती बसली आहे. हो म्हण, म्हणजे मी सुटले."

ती नळी दिव्यासमोर धरून स्वच्छ झाली का बघते. मग खिडकीकडे हनुवटी करते. "ते बाहीर कोण उभी हाय? उन्हात? मघापासून पाहून रायली मी. वाकली ते वाकलीच."

खिडकीबाहेर हर्षदीपची प्लायवूडची मुलगी आहे.

"ती तू आहेस, आजी."

पार्वताआजी नळी खाली ठेवते. हात पदराला पुसते. एकेक बोट, सावकाश. शाळेत विज्ञान शिकवून घरी आल्यावर खडूचे हात ती असेच पुसायची, आणि असे हात पुसून झाले की कुणाला तरी बोलणी बसायची.

"चाल," ती म्हणते. "पाहू तं दे."

आम्ही लॅबच्या दारातून बाहेर पडतो आणि एस.टी. स्टँडवर येतो. आमच्याच तालुक्याचं स्टँड. रसवंतीचा घुंगरू वाजतो आहे, पण रस काढणारं कुणी नाही. बाकावर समिती बसली आहे. सगळे चहा पिताहेत. खरवडकर मॅडमच्या हातात कंट्रोलरचा माईक आहे. त्या गोड आवाजात पुकारतात, "उत्पला तायडे, बाळ, तुझी गाडी फलाटावर लागलेली आहे. पुरावा घेऊन यावं."

"थांबा मॅडम, ही बघा, मी तिलाच घेऊन आले आहे," मी ओरडते. आवाज फुटत नाही. मॅडम आजीच्या आरपार बघतात आणि बशीत चहा ओततात.

"त्याइले मी दिसत नाही," पार्वताआजी म्हणते. तिला त्याचं काहीच वाटलेलं दिसत नाही. "जिती असतानाही नाही दिसत होती. चाल तू."

"पण गाडी सुटेल!"

"सुटू दे. दुसरी येते."

बाकाची दुसरी बाजू दवाखान्यात आहे. मी त्यावर बसले आहे, मांडीवर एक्स-रेचं पाकीट, शेजारी बाबा. हे मात्र खरोखर घडलेलं आहे, मला कळतं. आजी टेबलाच्या अलीकडे बसली आहे आणि आता ती म्हातारी आहे, पायावर सूज, डोळ्यांखाली काळं. तरुण डॉक्टर फिल्म उजेडात धरून विचारतो, "आजी, मुतखडे झाले, किडनी आकसली. पाणी कमी पिता का तुम्ही?"

आजी हसते. "पाण्याची सवयच नाही लागली, डॉक्टर सायेब. कॉलेजात होती तेव्हा दिवसभर पेत नव्हती. घरी जाऊनच पेवो. मंग तसंच पडलं आंगवळणी."

"असं कसं? कॉलेजात पाणी नव्हतं?"

"होतं ना. लय होतं."

डॉक्टर लिहायला लागतो. बाबा मला खुणावतात, औषधाच्या दुकानात गर्दी व्हायच्या आत जा म्हणून. मी उठून जाते. त्या दिवशीही मी अशीच उठून गेले होते, कारण मला पाच वाजताच्या गाडीनं परत यायचं होतं. पण या वेळी दारातून वळून बघते, तर आजी माझ्याकडेच बघते आहे, आणि पुन्हा तिच्या दोन वेण्या आहेत.

"ऐकलं का आता?" ती म्हणते.

ऐकलं. पण ऐकलेलं डोक्यात उतरायच्या आधीच पायाखाली तापलेली माती येते. पाणपोईच्या मागची बाजू. पन्हळीतून पाणी पडतं आहे. काय गार पडतं आहे ते! त्याचा नुसता आवाज ऐकून माझ्या दाढा ठणकतात. समोर प्लायवूडची मुलगी वाकून उभी आहे, आणि पाणी तिच्या रंगवलेल्या ओंजळीतून आरपार जाऊन जमिनीत मुरतं आहे.

पार्वताआजी तिच्याभोवती फिरून बघते. बाजारात गाय बघावी तशी, पुढून, मागून, खाली वाकून.

"साडी बरी काढली. वेण्याही बऱ्या हायेत. कोण्या पोट्ट्यानं केली?"

"हर्षदीपनं."

"हात चांगला हाय त्याचा." मग ती माझ्याकडे वळते. "मले हे सांग, माही कंबर अशी कधी पाहिली तू?"

"आजी, त्या काळी सगळ्यांनाच..."

"सगळ्याइचं नको सांगू. माहं इचारून रायली मी."

आतून, भिंतीच्या पलीकडून, पाणक्याचा आवाज येतो. म्हातारा, थकलेला, रोज तेच म्हणून म्हणून गुळगुळीत झालेला आवाज. "ए पोरी. मागून ये. मागून."

पार्वताआजी ताठ उभी आहे. तिच्या मानेची शीर तेवढी हलते.

"रोज," ती म्हणते. "पोरी पुढं खिडकीपाशी पाणी पेत. मी नुसती बाजूनं चालली तरी हा आतून आवाज दे. त्याचं काय चुकलं, नोकर माणूस. मी आयकत होती अन् तशीच जात होती. एक दिवस पेली नाही. एक घोट पेली नाही, पोरी."

"एकदाही नाही?"

"गश येऊन पडली एक खेप. तरी नाही."

मी कपाळाला हात लावून खाली बसते. आली का पंचाईत! पेपरात छापून आलं, पोरं परीक्षा पणाला लावून उन्हात बसली, आणि जिच्या जोरावर बसली ती म्हणते मी प्यायलेच नाही. मला तिचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण येतो.

"का नाही प्यायलीस?" मी जवळजवळ ओरडते. "सगळे प्यायले असतील. तहान लागली की पितं माणूस, त्यात काय लाज? तू प्यायली असतीस तर आज मला एक वाक्य बोलायचं होतं. आता ते म्हणतील, बघा, हिची आजी प्यायलीच नाही, म्हणजे ती पन्हळ जनावरांचीच होती!"

"जे पेले त्याइची लाज नाही मले," ती म्हणते. आवाज एकदम मऊ झालेला. "माह्या बापानं अशाच पाण्यावर जलम काढला. पन मी पेली असती तं हे काय म्हणाले असते, सांगू? म्हणाले असते, पाजलं ना आम्ही तुमाले. आमच्याच पाण्यावर शिकली ना तुही आजी. त्याइच्या तोंडी तेवढं वाक्य द्याचं नव्हतं मले. बस."

खरवडकर मॅडमचं कालचं बोलणं मला आठवतं. 'बाळ, संस्थापकांनी त्या काळात निदान पाणी तरी दिलं, हे विसरून कसं चालेल?' पाटीवर पशुपक्षी, आणि तोंडानं हे.

आणि तरी तहान काही ऐकत नाही. पन्हळीचं पाणी पडतंच आहे. मी बघते तर प्लायवूडची मुलगी तिथं नाही. तिच्या जागी मी आहे. माझी कंबर वाकली आहे, ओंजळ पुढे आली आहे, हे मी केलेलं नाही पण झालं आहे. पाणी बोटांना लागायला एवढंसं अंतर राहिलं आहे. आतून पाणक्या म्हणतो, "हां, तशी. तशीच." मला सरळ व्हायचं आहे आणि पाठ प्लायवूडची झाली आहे.

वेणीला जोरात हिसका बसतो. लहानपणी अभ्यास न करता पळाले की बसायचा तस्साच. मी कळवळून सरळ होते.

"मरते का!" पार्वताआजी म्हणते.

"तहान लागली आहे गं आजी. खरंच जीव जाईल."

"नाही जात. माहा नाही गेला." ती गालात जीभ फिरवते. दोन बोटं तोंडात घालून काहीतरी काढते, पदराच्या टोकानं पुसते आणि माझ्यासमोर धरते. चिंचोका. चघळून चघळून त्याचं तपकिरी साल एका बाजूनं पार गेलेलं, आतला पांढरा दगडासारखा गर दिसतो आहे.

"आवारात चिंच होती," ती सांगते. "सकाळी आली की खालचा एक चिंचोका उचलायचा. गालात धरला की जीभ ओली रायते. बोलता येते. तोंडी परीक्षा अशीच देल्ली मी, मास्तरले पत्ता नाही लागला." मग ती जरा थांबते, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसते. "माहं उष्टं हाय. चालते ना तुले?"

मी तोंड उघडते. ती चिंचोका माझ्या जिभेवर ठेवते. तिची बोटं खरखरीत आहेत आणि त्यांना खडूचा वास आहे. चिंचोक्याला किंचित आंबट चव आहे, किंवा मला तसं वाटतं. हळूहळू जिभेखाली ओल येते.

"आजी, तू चल ना माझ्यासोबत आत."

"माहं झालं. आता तुही पाळी." ती पन्हळीकडे पाठ करून चालायला लागते. ताठ. मागून आवाज येतो, "ए पोरी, मागून ये," आणि ती जराही थबकत नाही. मी तिच्यामागे धावते, पण ऊन इतकं पांढरं झालं आहे की त्यात तिची साडी दिसेनाशी होते. मी हाक मारते. स्टँडचा कर्णा माझं नाव घेतो. पुन्हा घेतो.

"उत्पला! ए उत्पला! अवं उठ ना बाप्पा!"

हर्षदीप माझा खांदा गदगदा हलवतो आहे. व्हरांडा. सतरंजी. कूलरची घरघर. मी घामानं निथळते आहे आणि वेणीचं मूळ दुखतं आहे.

"बोलावलं," तो म्हणतो. त्याचा चेहरा उतरला आहे. "सगळे आले आत. प्राचार्यही हायेत. घे, पाणी पे आधी, तोंड पाहाय तुहं कसं सुकलं." तो बाटलीचं झाकण काढून माझ्या हातात देतो.

मी बाटली तोंडाला लावते आणि दातांना काहीतरी टणक लागतं. बाटली खाली घेते. तळहातावर थुंकते. तपकिरी, एका बाजूनं पांढरा पडलेला, ओला, तोंडाच्या उबेनं कोमट झालेला चिंचोका.

हर्षदीप बघत राहतो. "हे काय खाऊन रायली? कोठून आणला?"

आवारात चिंच नाही. आम्ही फर्स्ट इयरला यायच्या कितीतरी आधी ती तोडली, तिथं आता प्राध्यापकांच्या गाड्या लागतात. मी व्हरांड्याच्या वाशांकडे बघते, पत्र्याकडे बघते. वरून काही पडण्यासारखं नाही.

"हर्षदीप, ते कटआउट काढ तिथून."

"आता? डोकंबिकं फिरलं का? टीव्हीवाले येऊन रायले तिचे फोटो काढाले."

"ती प्यायली नाही रे. एकदाही नाही. तिला रोज मागून ये म्हणायचे आणि ती रोज तहानेली घरी जायची. डॉक्टरला तिनं सांगितलं होतं, कॉलेजात दिवसभर पाणी प्यायची नाही म्हणून. मी तिथं होते. बाबा होते. आमच्या डोक्यातच शिरलं नाही."

तो सतरंजीवर बसतो. "तू हे आत सांगशील?"

"हो."

"मंग आपण मेलो. ते म्हणतील, प्यायलीच नाही तं पन्हळ तुमची कशी?"

"म्हणू देत. मी विचारीन, गावातली हुशार पोरगी पाण्याशेजारून रोज कोरडी का जात होती? पन्हळ नुसती जनावरांची होती, तर ती पुढच्या खिडकीपाशी पाणी का पीत नव्हती? याचं उत्तर त्यांनी द्यायचं. इतके दिवस आपणच देत बसलो." परीक्षा जाईल. याची जाईल, माझी जाईल, त्या सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांची जाईल. मला भीती वाटते आहे, खूप वाटते आहे. "पण तिला मी आता वाकवणार नाही."

हर्षदीप माझ्या तळहाताकडे बघतो. मग उठतो आणि पाणपोईच्या दिशेनं चालायला लागतो. लांबून तो ती आकृती खांद्यावर घेताना दिसतो, फार जपून, झोपलेल्या लेकराला घ्यावं तशी.

ऑफिसचं दार उघडतं. शिपाई अण्णा डोकावतात. "चला ताई, मॅडम वाट पाहून रायल्या. अन् पाणी पिऊन घ्या, आत लय वेळ लागन."

"नंतर, अण्णा," मी म्हणते. बाटलीचं झाकण लावते, चिंचोका पुन्हा गालात धरते, आणि आत जाते.